वखारीपासून किल्ल्यापर्यंत : सुरतेत इंग्रजांचं राज्य कसं आलं

४ मार्च १७५९ रोजी सुरतेच्या नवाबाने इंग्रज कंपनीशी करार केला. तापीच्या काठावरचा किल्ला कंपनीला मिळाला आणि शहराचा कारभार नवाबाकडे राहिला. मुंबईहून आलेल्या फौजेने त्याआधी किल्ल्यावर तोफा डागल्या होत्या, तरी कागदोपत्री कोणी काही जिंकलेलं नव्हतं. पुढे दिल्लीहून बादशहाच्या रीतसर सनदा आल्या. कंपनी बादशहाची किल्लेदार झाली, बादशाही आरमाराची दारोगाई, म्हणजे देखरेखीचं काम, हीही तिच्याकडे आली आणि या कामासाठी वर्षाला दोन लाख रुपयांची नेमणूक झाली. किल्ल्यावर दोन निशाणं फडकू लागली, एक मोगलांचं आणि एक इंग्रजांचं.

व्यापारी कंपनी राज्यकर्ती कशी झाली, याचं उत्तर आपण बहुतेक वेळा प्लासीत शोधतो. बंगालचा विस्तार आणि तिथला पैसा पाहता ते साहजिक आहे. पण बंगालमध्ये १७५७ ची लढाई आणि १७६५ ची दिवाणी (महसूल वसुलीचा अधिकार) यांत जेमतेम आठ वर्षं गेली. सुरतेत हेच काम १६०८ पासून १८०० पर्यंत चाललं, त्यामुळे तिथली एकेक पायरी सुटी करून पाहता येते. शिवाय मराठी वाचकाला हे प्रकरण परकं नाही. शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्या, आंगऱ्यांचं आरमार, राघोबादादांचा तह, दुसऱ्या बाजीरावाची सही, यांतल्या प्रत्येकाचा धागा सुरतेला जाऊन मिळतो.

मला या प्रकरणातून दिसतं ते असं. इंग्रजांनी सुरतेत नवं राज्य उभारण्याआधी जुन्या राज्यातल्या, दुसरं कोणी नीट सांभाळत नसलेल्या जबाबदाऱ्या पगारासकट उचलल्या. त्यांतली पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची जबाबदारी होती समुद्राची.

वखार कशी मिळाली

३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने लंडनच्या व्यापाऱ्यांना पूर्वेकडच्या व्यापाराची पंधरा वर्षांची मक्तेदारी दिली. त्यांचं लक्ष प्रथम मसाल्याच्या बेटांवर होतं. पण तिथे विलायती लोकरीचं कापड कोण घेणार? तिथे गिऱ्हाईक होतं ते गुजरातच्या सुती कापडाला. मसाला हवा तर आधी कापड हवं आणि कापड हवं तर सुरत हवी, असा तो हिशेब होता. सुरतेत कापडाच्या जोडीला सरखेजची नीळ होती, हजच्या यात्रेकरूंची जहाजं होती आणि अख्ख्या हिंदुस्थानात चालणारी हुंडी लिहिणारे सराफ होते.

ऑगस्ट १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्स 'हेक्टर' जहाजातून सुरतेला उतरला. तो आग्र्याला गेला, जहांगीराशी तुर्की भाषेत बोलला आणि चारशेची मनसबही मिळवली. मात्र वखारीची कायमची परवानगी त्याला मिळाली नाही. पोर्तुगीजांचा दरबारात दबदबा होता आणि समुद्रावर त्यांची सत्ता होती. गुजरातच्या जहाजांना त्यांच्याकडून परवाना घ्यावा लागे. १६११ मध्ये हॉकिन्स रिकाम्या हाताने आग्र्याहून निघाला.

दरबारात जे जमलं नाही ते दोन वर्षांत समुद्रावर जमलं. १६१२ मध्ये हेन्री मिडल्टनने तांबड्या समुद्राच्या तोंडाशी गुजरातची जहाजं अडवली आणि त्यांच्याकडून जबरदस्तीने माल आणि खंडणी वसूल केली. त्याच वर्षाच्या अखेरीस थॉमस बेस्टने सुरतेजवळच्या सुवाळीच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज गलबतांचा हल्ला परतवून लावला. सुरतेच्या मोगल अधिकाऱ्यांनी ही लढाई पाहिली होती. जानेवारी १६१३ मध्ये फर्मान हाती आलं आणि वखार सुरू झाली.

शांतपणे व्यापार करणारे इंग्रज पुढे बिघडले आणि लढू लागले, असं एक चित्र पुष्कळदा रंगवलं जातं. सुरतेचा घटनाक्रम त्याला आधार देत नाही. पहिलं फर्मान मिळालं ते अर्ज, नजराणा आणि तोफ यांच्या जोरावर, आणि त्यात तोफेचा वाटा लहान नव्हता. मोगलांच्या बाजूनेही हा साधा हिशेब होता. पोर्तुगीजांवर वचक ठेवायला दुसरा दर्यावर्दी हाताशी असलेला बरा. हा हिशेब बरोबर होता, हे त्याच वर्षी दिसलं. १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी खुद्द जहांगीराच्या आईचं 'रहिमी' जहाज पकडलं आणि बादशहाच्या ताफ्यात ते सोडवून आणणारं कुणी नव्हतं.

मात्र जमिनीवर मोगलांची पकड घट्ट होती. पहिल्या जेम्सचा वकील सर थॉमस रो १६१५ ते १६१९ इथे होता. त्याने शाहजादा खुर्रमकडून व्यापाराची परवानगी मिळवली. त्यातल्या अटी वाचण्यासारख्या आहेत. इंग्रजांनी घर भाड्याने घ्यावं, पण विकत घेऊ नये किंवा बांधू नये. शहरात हत्यार बाळगणाऱ्यांची संख्याही ठरवून दिली होती. रो स्वतः कंपनीला बजावून गेला की नफा हवा असेल तर तो समुद्रावर आणि शांत व्यापारात शोधा, हिंदुस्थानात ठाणी आणि जमिनीवरच्या लढाया यांच्या नादी लागणं ही चूक ठरेल. पुढची साठ-सत्तर वर्षं कंपनी बव्हंशी या सल्ल्याप्रमाणे वागली. तसं वागण्यावाचून तिला गत्यंतरही नव्हतं. सुरतेत वीरजी वोरा नावाचा सावकार होता. इंग्रजांची वखार त्याच्याकडून मोठमोठी कर्जं घेई, त्याच्या अटींवर मिरी विकत घेई आणि त्याच्याबद्दल कुरकुरत राही. त्या काळी सुरतेत कोण मोठा होता याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

१६६९ ची गोष्ट

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. सुरतेचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्सेंडन याने सुवाळीहून खलाशी आणून आपली वखार मात्र राखली. औरंगजेबाने खूश होऊन जकातीत सूट दिली. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. बादशहाचा अधिकारी शहर राखू शकत नाही, ही गोष्ट सहा वर्षांत दोनदा उघड झाली. शहराच्या मनावर तिचा काय परिणाम झाला असेल याची कल्पना करता येते.

या दोन स्वाऱ्यांच्या मध्ये घडलेला एक प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही. सप्टेंबर १६६९ मध्ये काझीच्या जुलमाला कंटाळून सुमारे आठ हजार वाण्यांनी सुरत सोडली आणि ते भडोचला गेले. त्यांच्या पुढाऱ्यांत भीमजी पारेख होता, कंपनीचाच दलाल. त्याआधी त्यांनी वखारीत विचारलं होतं, आम्ही मुंबईला येऊ का? मुंबई बेट तेव्हा नुकतंच, म्हणजे १६६८ मध्ये, कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यावर राजाकडून मिळालं होतं. तिथे वस्ती वाढवायची वखारीचा तेव्हाचा प्रमुख जेराल्ड ऑंजियर याची फार इच्छा होती. तरीही त्याने त्यांना आधी अहमदाबादेला जा असं सुचवलं. मुंबई अजून तयार नव्हती आणि बादशहाचा रोष ओढवून घ्यायची हिंमत त्याच्यात नव्हती.

इकडे सुरतेत दुकानं बंद पडली, जकात आटली. अखेर बादशहाकडून अभयाचं पत्र आलं, तेव्हा वर्षाअखेरीस वाणी परतले.

व्यापाऱ्यांच्या हातात केवढं बळ होतं ते इथे दिसतं. राजा कोण असावा हे ते ठरवत नव्हते, पण राज्याने कसं वागावं हे शहर सोडून जाऊन ते सांगू शकत होते. जायला दुसऱ्या जागा होत्या आणि वाटेत अडवणारं कोणी नव्हतं.

समुद्र कोणी राखायचा

जमिनीवर मोगलांशी दोन हात करण्याचा प्रयत्न कंपनीने एकदा करून पाहिला. १६८६ नंतर लंडनमध्ये जोशिया चाइल्ड आणि मुंबईत जॉन चाइल्ड यांनी भांडण उकरून काढलं. औरंगजेबाच्या बाजूने जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबई बेटावर उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं. १६९० मध्ये कंपनीला माफी मागावी लागली आणि दीड लाख रुपये दंड भरावा लागला. कंपनीने आपलं मुख्य ठाणं १६८७ मध्येच सुरतेहून मुंबईला हलवलं होतं. तरी मोगल साम्राज्य धड होतं तोवर तिचं जमिनीवर काही चालत नव्हतं, हा धडा तिला महागात पडला.

समुद्राचं गणित निराळं होतं. मोगलांचं स्वतःचं आरमार पश्चिम किनाऱ्यावर जवळजवळ नव्हतं. ते काम त्यांनी सिद्दीला दिलं आणि त्याचा तनखा सुरतेच्या उत्पन्नातून लावून दिला. म्हणजे बंदराच्या जकातीतून बंदराचं रक्षण. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने हजहून परतणारं बादशाही 'गंज-इ-सवाई' जहाज लुटलं. सुरतेत संतापाची लाट उसळली आणि वखारीतल्या इंग्रजांना वखारीतच कैद केलं गेलं. त्यातून जी तडजोड निघाली ती दूरगामी ठरली. युरोपीय कंपन्यांनी आपली लढाऊ जहाजं सोबत देऊन यात्रेकरूंची जहाजं सुखरूप नेऊन आणायची. इंग्रजांना ही शिक्षा वाटली असणार. पण राज्याचं एक मूळ कर्तव्य, प्रजेच्या जहाजांना संरक्षण देणं, इथे पहिल्यांदा वखारवाल्यांकडे सरकलं.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि त्यानंतर हा डोलारा खचू लागला. १७१७ च्या फर्मानात फर्रुखसियरने वर्षाला दहा हजार रुपयांच्या बदल्यात सुरतेत कंपनीला जकात माफ केली. इतर व्यापारी जकात भरत राहिले. साहजिकच कंपनीचे नोकर स्वतःच्या खासगी व्यापारालाही हेच कवच वापरू लागले आणि हा खासगी व्यापार या सगळ्या हकिकतीतला मोठा चालक आहे. कंपनी तोट्यात असतानाही तिचे नोकर नफ्यात असत. मोखा, जेद्दा, बसरा इथे जाणारा माल, जहाजभाडं, विमा यांत त्यांचा स्वतःचा पैसा गुंतलेला होता. लंडनच्या संचालकांना लढाया नकोशा असत. मुंबई-सुरतेच्या कौन्सिलमध्ये बसलेल्यांचं तसं नव्हतं.

त्याच वेळी गायकवाड आणि दाभाडे गुजरातेत पसरले. सुरतेभोवतीचे परगणे, म्हणजे सुरत अठ्ठाविशी, गायकवाडांच्या ताब्यात गेले. शहरावर चौथ बसली. बंदराला माल पुरवणारा मुलूखच हातून गेल्यावर सुरतेच्या सुभेदाराकडे शहर आणि जकातघर एवढंच उरलं. त्यातून सिद्दीचा तनखा कसा भागणार? तो थकत गेला, भांडणं झाली आणि अठराव्या शतकाच्या मध्यावर सिद्दींनी किल्लाच बळकावला. एका शहरात सुभेदार, ज्याला आता नवाब म्हणत, आणि सिद्दी अशा दोन सत्ता झाल्या आणि दोघांनाही पैसा हवा होता. तो द्यायला व्यापाऱ्यांखेरीज कोणी नव्हतं.

१७५९

अशा वेळी शहरातल्या मोठ्या व्यापाऱ्यांनी आणि सराफांनी इंग्रज वखारीच्या प्रमुखाकडे अर्ज केला की किल्ला आणि आरमार तुम्ही घ्या. या अर्जामागे इंग्रजांची फूस असेलही. कंपनीशी संधान असलेले वाणी त्यात पुढे होते हे उघड आहे. पण अर्ज निव्वळ बनाव म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. रोज कोणीतरी नवा अधिकारी दारात पैसे मागायला उभा राहतो, समुद्रावर सिद्दी आपलंच जहाज अडवतो, अशा स्थितीत माणूस जो वेळेवर रक्षण करेल त्याच्याकडे जाणारच. आणि मुंबईच्या सरकारची रोजची निकड सुरतेच्या सराफांच्या हुंड्यांवर भागत होती. दोघांना एकमेकांची गरज होती.

मुंबईच्या कौन्सिलने नवाबीसाठी आधी फारिसखानाला हाताशी धरलं होतं. गादीवर होता मियां अचन. फौज आणि जहाजं सुरतेला आल्यावर सौदा बदलला. मियां अचन नवाब राहील, फारिसखान त्याचा नायब होईल, किल्ला आणि आरमार इंग्रजांकडे येईल. सिद्दी किल्ला सोडून निघून गेले. इंग्रजांना कोणता माणूस नवाब होतो याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना हवं होतं ते पद, आणि त्या पदाला जोडलेला तनखा.

सहा वर्षांनी क्लाइव्हने बंगालमध्ये हेच केलं. तिथलं पद दिवाणाचं होतं.

मराठे कुठे होते

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त सलतो. समुद्रावर इंग्रजांना तोंड देणारी किनाऱ्यावरची एकच देशी ताकद होती, ती म्हणजे आंगऱ्यांचं आरमार. तुळाजी आंगरे आणि नानासाहेब पेशवे यांचं पटत नव्हतं. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता हे खरं. पण त्याला वठणीवर आणण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून गेले आणि बंदरातलं आरमार जळून खाक झालं. त्याच वर्षीच्या तहात पेशव्यांना विजयदुर्ग मिळाला, इंग्रजांना बाणकोट आणि काही गावं. जळालेली जहाजं कोणालाच मिळाली नाहीत. तीन वर्षांनी मुंबईची जहाजं सुरतेकडे निघाली तेव्हा कोकणातून त्यांना अडवू शकेल असा ताफा उरला नव्हता.

आणि हे अज्ञानातून झालं असं म्हणायलाही जागा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांवर, म्हणजे युरोपीय लोकांवर, स्वतंत्र विवेचन आहे. हे इतर सावकारांसारखे नाहीत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, जागा मिळाली की ती सोडायची नाही हा यांचा स्वभाव आहे, म्हणून किनाऱ्यावर यांना ठाणं देऊ नये, वखारीला जागा द्यायचीच तर ती आत, सखल भागात द्यावी, असा त्याचा आशय. विजयदुर्गाच्या चाळीस वर्षं आधी हे मराठीत लिहून ठेवलेलं होतं. पण पेशव्यांचं राज्य घोडदळावर आणि चौथाईवर उभं होतं. सुरतेची चौथ दरसाल येत होती, तेवढ्याने पुण्याचं समाधान होत होतं. बंदर चालवण्याची जबाबदारी अंगावर न घेता उत्पन्नाचा वाटा घ्यायचा, असा तो व्यवहार होता. इंग्रजांनी नेमकं उलट केलं. त्यांनी जबाबदारी आधी घेतली.

दोन निशाणांखालची चाळीस वर्षं

१७५९ नंतर सुरतेत तिघांचा कारभार चालला. नवाबाचं जकातघर म्हणजे फुर्जा, इंग्रजांचं वेगळं जकातघर आणि मराठ्यांचे चौथ वसूल करणारे कामगार. मोखा-जेद्दाच्या मालभाड्याचा धंदा इंग्रजांनी आपल्या जहाजांकडे ओढला आणि ज्यांनी संरक्षण मागितलं होतं त्यांतल्या अनेक जहाजमालकांची गलबतं काठाला बसली. जहाजबांधणीचा मोठा कारागीर लवजी नसरवानजी वाडिया तर १७३० च्या दशकातच सुरतेहून मुंबईला गेला होता. माल, कसब आणि पैसा यांचा ओघ त्याच दिशेने वाहू लागला.

६ मार्च १७७५ रोजी राघोबादादांनी सुरतेतच इंग्रजांशी तह केला आणि साष्टी-वसई देऊ करून पेशवेपदासाठी फौज मागितली. सुरतेच्या नवाबीसाठी भांडणाऱ्यांनी जे केलं तेच आता पुण्याच्या गादीसाठी झालं. त्यातून उद्भवलेलं युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. या युद्धाचा बराचसा खर्च बंगालच्या महसुलातून आला, आणि बंगालचा पैसा पश्चिम किनाऱ्यावर पोचवणारा रस्ता हुंडीचा होता, म्हणजे सुरतेच्या सराफांचा. त्यांच्या दृष्टीने ती हुंडणावळीची, म्हणजे हुंडीवरच्या मोबदल्याची, उलाढाल होती.

शेवटचा धक्का आला तो चीनमधून. १७८४ मध्ये इंग्लंडने चहावरचा कर शंभर टक्क्यांच्या वरून साडेबारा टक्क्यांवर आणला. चहाची मागणी भडकली आणि कँटनला त्याची किंमत चुकवायला चांदीऐवजी गुजरातचा कापूस धाडता येऊ लागला. कापूस पिकवणारा मुलूख, तो आणणाऱ्या वाटा आणि बंदर यांच्यावर आता मुंबईच्या खासगी इंग्रज व्यापाऱ्यांचा डोळा होता. तीन जकातघरं त्यांना अडचणीची वाटू लागली.

१७९९ च्या आरंभी नवाब निजामुद्दीन वारला. वारस कोण यावर वाटाघाटी सुरू झाल्या. गव्हर्नर जनरल वेलस्लीने मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकनला सुरतेला पाठवलं. १३ मे १८०० रोजी नवा नवाब नासिरुद्दीनने कराराने शहराचा दिवाणी, फौजदारी आणि लष्करी कारभार कंपनीला दिला. बदल्यात वर्षाला एक लाख रुपये आणि शिल्लक उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. उरला मराठ्यांचा हक्क. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला दुसऱ्या बाजीरावाने सही केली, त्या तहात सुरतेवरचे आपले हक्क सोडल्याचं कलम होतं. गायकवाडांनीही आपली चौथ आणि चौऱ्यासी परगणा याच सुमारास कंपनीला दिला. नावापुरती राहिलेली नवाबीही १८४२ मध्ये बुडाली.

व्यापाऱ्यांचा हिशेब

१७५९ चा अर्ज करणाऱ्यांचं चुकलं का? त्यांच्या काळात उभं राहून पाहिलं तर त्यांनी समोर असलेल्या वसुलीदारांतला सगळ्यात शिस्तीचा निवडला. काही सराफ घराण्यांची त्यात भरभराटही झाली. त्यांच्या हिशेबात एक गोष्ट मात्र धरलेली दिसत नाही. सिद्दी, नवाब आणि पेशवे एकमेकांशी भांडत होते म्हणूनच व्यापाऱ्यांना त्यांच्यातून निवड करता येत होती.

१८४४ मध्ये सरकारने मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला. सुरतेत लोक हजारोंनी रस्त्यावर आले, दुकानं बंद झाली, दंगा झाला. १६६९ मध्ये त्यांचे पूर्वज भडोचला निघून गेले होते आणि औरंगजेबाला पत्र पाठवावं लागलं होतं. आता भडोच, अहमदाबाद आणि मुंबई या तिन्ही ठिकाणी त्याच कंपनीचं सरकार होतं आणि मिठावरचा करही तोच होता.